बटाटा या शब्दाचं बेट

उत्तरेत आलू म्हणतात, आपण बटाटा म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, एवढं शाळेत कानावर पडलेलं असतं. पण पोर्तुगीजांच्या तोंडी तो आला कुठून? शेजारच्या स्पॅनिश लोकांकडून. आणि स्पॅनिश खलाशांनी तो ऐकला कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर, ताइनो नावाच्या लोकांकडून. ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. त्या बेटांतल्या एका मोठ्या, डोंगराळ बेटाला कोलंबस डिसेंबर १४९२ मध्ये लागला. नाताळच्या रात्री त्याचं ‘सांता मारिया’ जहाज तिथल्या उत्तर किनाऱ्याजवळ रुतलं. तिथून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत खाणीतली वेठ, तलवार आणि देवीची साथ यांनी ताइनो समाज जवळजवळ नाहीसा केला. माणसं गेली, त्यांचा शब्द मात्र जहाजांतून निम्मं जग फिरून आपल्या किनाऱ्याला उतरला आणि रस्सा भाजीत येऊन बसला.

त्याच लोकांचा आणखी एक शब्द होता, ‘अयिती’. अर्थ डोंगरांचा मुलूख. आपल्या बेटाला ते असं म्हणत. स्पॅनिशांनी बेटाचं नाव बदललं, पुढे पश्चिमेचा तिसरा हिस्सा फ्रेंचांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला सां-दोमिंग म्हटलं, आणि अयिती हा शब्द तीनशे वर्षं पडून राहिला. १ जानेवारी १८०४ रोजी तो पुन्हा उठवला गेला. उठवणारे ताइनो नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांचा स्वतःचा नाही तर आई-आजीचा जन्म अटलांटिकच्या पलीकडे, आफ्रिकेत झाला होता. साखळदंडात बेटावर आणलेल्या या माणसांनी मालकांचा पराभव करून देश स्थापन केला आणि त्या देशाला नाव दिलं ते आपल्याआधी इथेच संपवल्या गेलेल्या लोकांच्या भाषेतलं. हैती तो हाच. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, असं जगाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

हे कळल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून आहे. लढाई कशी जिंकली, हा तो प्रश्न नाही. त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. राष्ट्र व्हायला आधी ‘आपण’ म्हणणारी माणसं लागतात. ती कुठून आली? १७९१ साली, बंड पेटलं तेव्हा, या वसाहतीत पाच लाखांच्या आसपास गुलाम होते आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश आफ्रिकेत जन्मलेले. कोणी काँगोचा, कोणी दाहोमीचा, कोणी योरुबा. एका जहाजातल्या दोघांना एकमेकांची भाषा कळेल याची खात्री नाही. देव वेगळे, जेवण वेगळं, घरची जुनी वैरंसुद्धा सोबत आलेली. अशा माणसांनी तेरा वर्षांत युरोपातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला समुद्रात ढकललं. मला सापडलेलं उत्तर असं, की राष्ट्र १८०४ मध्ये जन्मलंच नाही. ते आधीच तयार झालं होतं, मळ्यांमध्ये, मालकांच्या डोळ्यांदेखत, आणि मालकांना ते दिसलं नाही.

आधी मळा पाहू. ज्याने कोल्हापूर-कराडकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्याला सां-दोमिंगचा साखरेचा मळा निम्मा ओळखीचा वाटेल. ऊस तोडला की तो फार वेळ ठेवता येत नाही, रस आंबतो. म्हणून तोडणी सुरू झाली की चरक रात्रंदिवस फिरत राहतो. चिपाडं चुलवाणात जातात, रस एका काहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि शेवटच्या काहिलीपाशी पाकाचा नेमका क्षण ओळखणारा जाणता माणूस उभा असतो, आपल्याकडचा गुळव्या तसा. तो माणूसही तिथे गुलामच असे. चरकाला तीन उभे लाट. त्यांच्यामध्ये हाताने ऊस सरकवायचा. अठरा तास जागलेल्या बाईचा हात उसासोबत आत ओढला जाई. चरक लगेच थांबवता येत नसे, म्हणून शेजारी एक धारदार कोयता ठेवलेला असे, हात वेळेत तोडून माणूस वाचवण्यासाठी. कोयत्याची ती जागा ठरलेली होती, म्हणजे अपघात हिशेबात धरलेला होता. साखरेच्या सगळ्या इतिहासात मला ही एक गोष्ट सर्वांत जास्त सांगून जाते.

असे सुमारे आठशे साखरेचे मळे, त्याशिवाय कॉफीचे आणि निळीचे काही हजार. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी साधारण चाळीस टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक या एका वसाहतीतून जाई. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढ्या नाही तर दोन जिल्ह्यांएवढ्या मुलखातून. किंमत माणसांत मोजली जाई. नवा आणलेला गुलाम पहिल्या काही वर्षांतच मरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होती. मूल वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणं स्वस्त पडतं, असा मळेवाल्यांचा हिशेब होता. म्हणून १७८० च्या दशकाच्या अखेरीस दर वर्षी तीस हजारांच्या घरात माणसं जहाजांतून उतरवली जात होती.

आता ऐका, ही माणसं बोलू कशी लागली ते.

पाण्याला हैतीत ‘द्लो’ म्हणतात. फ्रेंच मालक पाणी मागताना ‘द लो’ म्हणे, म्हणजे ‘थोडं पाणी’. यातलं ‘थोडं’ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, हे ऐकणाऱ्याला कोण सांगणार? त्याने अख्खा आवाजच उचलला. तांदळाला ‘द्यु री’ म्हणताना ऐकलं, तर भाताचा शब्द झाला ‘दिरी’. पक्ष्याला फ्रेंचमध्ये ‘वाझो’, पण अनेक पक्षी म्हणताना मधे एक ‘झ’ घुसतो, ‘लेझ्वाझो’. म्हणून हैतीत एकटा पक्षीही ‘झ्वाझो’. मित्रही तसाच, ‘लेझामी’वरून ‘झांमी’. आपल्याकडे हॉस्पिटलचं इस्पितळ झालं ते अशाच कानाने. या शब्दांकडे नीट पाहिलं की एक पूर्ण दृश्य उभं राहतं. पुस्तक नाही, मास्तर नाही, अंगावर हुकूम ओरडला जातोय, आणि समोरचा माणूस त्या आवाजाचे तुकडे करून, त्यांना आपल्या घरच्या भाषांच्या सवयीने जोडून, शेजारच्या परक्या माणसाशी बोलायला लागतोय.

जोडणीही पाहण्यासारखी आहे. फ्रेंच क्रियापदांची रूपं पाठ करता करता विद्यार्थी थकतात. या नव्या भाषेत क्रियापद जागचं हलत नाही. त्याच्या आधी ‘ते’ ठेवलं की भूतकाळ, ‘आप’ ठेवलं की चालू असलेली क्रिया. फ्रेंचमध्ये नामाच्या आधी येणारं उपपद इथे नामाच्या नंतर जाऊन बसलं, पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन भाषेत बसतं तसं. शब्द मालकांचे, पण ते मांडायची पद्धत मालकांची राहिली नाही. ही भाषा म्हणजे क्रेयोल. बेटावर जन्मलेली मुलं ती आईच्या कुशीत शिकली आणि जहाजातून उतरलेला नवा माणूस ती उसाच्या सरीत शिकला. शतकभरात असं झालं, की वसाहतीत काँगोच्या माणसाला योरुबा माणसाशी जोडणारं जे काही होतं त्यात ही भाषा पहिली. गोऱ्या घरातली मुलंसुद्धा दाईच्या मांडीवर तीच बोलू लागली.

भाषेला बाजारही मिळाला, आणि तो मालकांच्या चिकटपणातून मिळाला. १६८५ सालच्या फ्रेंच राजाच्या कायद्याने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवलं होतं, टेबल-खुर्चीसारखी. पण त्याच कायद्यात रविवारची सुट्टी होती आणि गुलामाला खायला घालण्याची जबाबदारी मालकावर होती. खायला घालणं महाग पडे. म्हणून मळेवाले गुलामांना मळ्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर जमिनीचा एखादा तुकडा देत, आणि सांगत, पिकवा नि खा. लोकांनी तिथे रताळी, केळी, कसावा, भोपळे लावले. उरलेलं रविवारी बाजारात नेऊन विकलं. ले काप या मोठ्या बंदरातल्या रविवारच्या बाजारात हजारो गुलाम जमत. आठवडी बाजार म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. भाजीचा भाव होतो, सोयरीक जमते, कोणाचा मुकादम कसा आहे ते कळतं, बंदरात कोणतं जहाज लागलं आणि त्यातले खलाशी काय सांगतात तेही कळतं. १७८९ मध्ये पॅरिसच्या तुरुंगावर लोक चालून गेले, माणसं जन्मतः समान आहेत असं तिथे लिहून निघालं, हे या बाजारांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला असेल?

मुकादम हा शब्द मी मुद्दाम वापरला. मळ्यावर कामाची टोळी हाकायला एक गुलामच नेमलेला असे. चाबूक त्याच्याच हातात. टोळीतला कोण खंबीर, कोण फितूर, कोणाच्या शब्दावर माणसं चालतात, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसे. रविवार, १४ ऑगस्ट १७९१. उत्तरेच्या मैदानातल्या एका मळ्यावर सुमारे शंभर मळ्यांतून निवडलेली माणसं जमली. त्यांत बरेचसे मुकादम होते. जेवणाचं निमित्त होतं. त्यांनी तारीख ठरवली. ब्वा कायमां म्हणजे मगरीच्या रानात शपथविधी झाला, बुकमन नावाच्या पुढाऱ्याने तो केला, असं हैतीतलं प्रत्येक मूल सांगतं. आफ्रिकेतले अनेक देव एकत्र येऊन तयार झालेला व्हूडू धर्म हीही या माणसांनी बेटावरच केलेली नवी जोडणी, आणि शपथ त्या धर्माची होती. २२ ऑगस्टच्या रात्री पहिले मळे पेटले. महिनाभरात शेकडो मळे राख झाले होते. बुकमन नोव्हेंबरात मारला गेला. बंड थांबलं नाही.

मळेवाल्यांनी आपल्या हाताने आणून ठेवलेली आणखी एक गोष्ट होती. काँगोच्या राज्यात त्या काळी यादवी युद्धं चालली होती, आणि युद्धात पकडलेले सैनिक गुलाम म्हणून विकले जात. म्हणजे सां-दोमिंगचे मालक मजूर समजून जे विकत घेत होते, त्यांत बंदूक चालवलेली, व्यूह माहीत असलेली माणसं होती. जॉन थॉर्नटन या इतिहासकाराने हे दाखवून दिलं तेव्हा बऱ्याच कोड्यांचा उलगडा झाला. उसाच्या मळ्यातली माणसं इतक्या लवकर शिस्तीत कशी लढू लागली, हे त्यांतलंच एक कोडं.

पुढची बारा वर्षं गुंतागुंतीची आहेत. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज तिघेही या मुलखासाठी लढले, स्वतंत्र असलेले मिश्रवंशीय जमीनदार कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला गेले. ते सगळं इथे सांगत बसत नाही. पण एक कागद दाखवायलाच हवा. फ्रान्सचा अधिकारी सोंतोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी वसाहतीच्या उत्तर भागातली गुलामी संपल्याचा जाहीरनामा काढला. तो फ्रेंचसोबत क्रेयोलमध्येही काढला गेला. ज्यांना कायद्याने टेबल-खुर्ची ठरवलं होतं त्यांना राज्यकर्ता त्यांच्या भाषेत पत्र लिहीत होता! पुढे १८०१ मध्ये खुद्द नेपोलियनच्या नावाने बेटावरच्या लोकांना उद्देशून घोषणापत्र छापलं गेलं, तेही क्रेयोलमध्ये. चाबकाखाली तुकड्या-तुकड्यांनी जमवलेली भाषा शंभर वर्षांत इतकी मोठी झाली, की युरोपच्या सर्वांत बलवान माणसाला तिच्यात बोलावं लागलं. मळ्यांत कधी कोणी जनगणना करून ‘तुम्ही एक आहात का’ असं विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर या छापील कागदांत आहे.

फेब्रुवारी १७९४ मध्ये सां-दोमिंगचे तीन प्रतिनिधी पॅरिसच्या सभागृहात येऊन बसले. एक गोरा, एक मिश्रवंशीय आणि तिसरे जां-बातिस्त बेले, सेनेगलच्या गोरे बेटावर जन्मलेले, लहानपणी विकले गेलेले, स्वतःची किंमत भरून सुटलेले. ४ फेब्रुवारीला सभागृहाने फ्रान्सच्या सगळ्या वसाहतींतली गुलामी रद्द केली. हा निर्णय पॅरिसने दिला असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. तो बेटावर आधीच झाला होता, पॅरिसने त्यावर सही केली.

या काळातलं सर्वांत मोठं नाव तूसां लूव्हेर्त्यूर यांचं. मळ्यावर जन्मले, जनावरं राखली, बग्गी हाकली, पन्नाशीकडे झुकलेले असताना बंडात उतरले आणि दहा वर्षांत साऱ्या बेटाचे सर्वेसर्वा झाले. १८०१ मध्ये त्यांनी संविधान लिहवून घेतलं. गुलामी या मुलखात कायमची संपली आहे, असं त्यात ठणकावून होतं. पण त्याच तूसांनी लोकांना पुन्हा मळ्यांवर कामाला जुंपलं, मजुरी देऊन पण शिपायांच्या पहाऱ्यात. साखर विकली नाही तर बंदुका कुठून आणायच्या, हा त्यांचा पेच होता. लोकांना तो मान्य झाला नाही, आणि लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही.

नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस आपला मेहुणा लक्लेर याच्यासोबत प्रचंड आरमार धाडलं. तूसांना बोलणीसाठी बोलावून पकडलं आणि फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या एका थंड किल्ल्यात ठेवलं. एप्रिल १८०३ मध्ये ते तिथेच वारले. त्याआधीच, १८०२ मध्ये, बातमी आली होती, की कॅरिबियनमधल्याच ग्वादलूप बेटावर फ्रेंचांनी गुलामी पुन्हा लादली आहे. त्यानंतर कोणालाच काही समजावून सांगायची गरज उरली नाही. फ्रेंचांच्या बाजूने लढणारे देसालिन, क्रिस्तॉफ, पेतियों हे सेनानी फिरले.

आणि डास. पीतज्वर पसरवणारा एडिस डास, आपल्याकडे डेंगी पसरवतो तोच, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. साखर कारखान्यात मळी निथळायला मातीची हजारो भांडी लागत. हंगाम संपला की ती रिकामी पडून राहत आणि पावसाच्या पाण्याने भरत. म्हणजे उसाचा मळा हा डासांचाही मळा होता, असं जॉन मॅकनील हे इतिहासकार दाखवतात. बेटावर वाढलेल्यांपैकी अनेकांना लहानपणीच ताप येऊन गेलेला, त्यांना तो पुन्हा होत नसे. युरोपातून ताजे आलेले सैनिक मात्र भराभर आडवे होत. लढाईपेक्षा तापाने जास्त माणसं गेली. लक्लेरही त्यातच गेला, २ नोव्हेंबर १८०२ रोजी. नुसत्या डासांनी बेट जिंकून दिलं असं काही लोक म्हणतात, ते खरं नाही. पाऊस सुरू होईपर्यंत शत्रूला दमवायचं आणि डोंगरात टिकून राहायचं, हे माणसांनी ठरवून केलं होतं.

१८ नोव्हेंबर १८०३ रोजी ले कापजवळ व्हेर्तियेरची शेवटची लढाई झाली. देसालिन यांच्या सैन्याने स्वतःला ‘इथल्या मातीतलं सैन्य’ असं नाव दिलं होतं. त्याआधी काही काळ ते ‘इंकांचं सैन्य’ही म्हणवून घेत. मेलेल्या ताइनोंचा शब्द देशाला देण्यामागे हाच विचार दिसतो. ज्यांची ही जमीन होती त्यांचा सूड आणि वारसा दोन्ही आम्ही घेतो, असं ते म्हणत होते. १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह गावात लोक जमले. देसालिन, ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, आधी क्रेयोलमध्ये बोलले, असं सांगतात. मग त्यांचे चिटणीस बुआरों-तोनेर यांनी फ्रेंचमधला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. त्या जाहीरनाम्याची अस्सल छापील प्रत दोनशे वर्षं कोणाला सापडत नव्हती. २०१० मध्ये ज्युलिया गॅफील्ड या तरुण संशोधकाला ती लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात मिळाली. आठ पानांची चोपडी.

स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षीच्या, १८०५ च्या संविधानातलं एक कलम मला या सगळ्या कहाणीचं शिखर वाटतं. ते समजायला थोडं मागे जायला हवं. मोरो द सां-मेरी नावाच्या एका वकिलाने वसाहतीचं मोठं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात त्याने माणसाच्या रक्ताचे १२८ भाग कल्पिले आणि त्यांतले किती गोरे नि किती काळे यावरून माणसांच्या जाती पाडल्या, प्रत्येक जातीला वेगळं नाव. कोण कोणाच्या शेजारी बसेल, कोण कोणतं कापड नेसेल, कोणता धंदा करील, हे त्या काळी रंगावरून ठरे. उतरंड कशी रचतात आणि ती मनात कशी भिनते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १८०५ च्या हैतीच्या संविधानाचं चौदावं कलम म्हणतं, की या देशातल्या सगळ्या नागरिकांमधले रंगाचे भेद संपले पाहिजेत आणि यापुढे हैतीचे सगळे लोक एकाच नावाने ओळखले जातील, काळे. सगळे म्हणजे सगळेच. फ्रेंच सैन्यातून फुटून इकडे आलेले पोलिश शिपाई होते, आधीपासून राहिलेले काही जर्मन होते. कायद्याने तेही काळेच झाले. १२८ भागांवर रचलेली उतरंड एका वाक्यात मोडली, तीही सर्वांत खालच्या खणाचं नाव सगळ्यांना देऊन!

त्याच वर्षांत रक्तही सांडलं. १८०४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत देसालिन यांच्या हुकमाने बेटावर उरलेल्या फ्रेंच लोकांची कत्तल झाली, बायका-मुलांसकट, हजारोंची. मागे काय सोसलं होतं हे ठाऊक असूनही ते क्रौर्यच होतं. १८०६ मध्ये देसालिन यांनाही त्यांच्याच माणसांनी मारलं. राज्यकर्ते पुढेही लोकांना मळ्यांवर परत न्यायला पाहत होते आणि लोक डोंगरात जाऊन जमिनीचे छोटे तुकडे कसत होते. तेच जुने रविवारचे तुकडे, आता स्वतःचे. चार-सहा घरं एका अंगणाभोवती, अंगणाला ‘लाकू’ म्हणतात. साखरेची निर्यात कोसळली. तिजोरीच्या दृष्टीने ते वाईट झालं. ज्या माणसाला ऊस म्हणजे कोयत्याची ती ठरलेली जागा आठवे, त्याच्या दृष्टीने तेच स्वातंत्र्य होतं.

जगाने या देशाला माफ केलं नाही. हैती हातचं जाणार हे दिसल्यावर अमेरिका खंडातलं साम्राज्य नेपोलियनला नकोसं झालं आणि त्याने लुइझियाना विकून टाकलं. अमेरिकेचा विस्तार एका फटक्यात दुप्पट झाला, पण त्या अमेरिकेने हैतीला मान्यता दिली १८६२ साली. सिमोन बोलिव्हार यांना १८१५-१६ मध्ये आसरा, बंदुका आणि जहाजं हैतीने दिली, बदल्यात एकच मागणं केलं, की जिथे जिंकाल तिथे गुलामी संपवा. फ्रान्सने १८२५ मध्ये चौदा युद्धनौका दारात उभ्या केल्या आणि मान्यतेची किंमत सांगितली, १५ कोटी फ्रँक. ती भरपाई होती मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत गुलाम धरलेले होते. सुटलेल्या माणसांनी आपल्या सुटकेचे पैसे आपल्याच मालकांना मोजायचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्या बँकांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले ६० लाख बँकांनी दलाली म्हणून आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली. या देण्यातून निघालेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटला १९४७ साली. आपण स्वतंत्र झालो ते वर्ष.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या सद्गृहस्थांना अर्पण केली. ते पुस्तक हातात घेतलं की मला नेहमी वाटतं, अमेरिकेच्याही साठ वर्षं आधी गुलामांनी स्वतःच गुलामी संपवल्याची ही हकिगत मराठीत तेव्हाच लिहिली जायला हवी होती. आजही हैतीचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत येतं ते भूकंप, उपासमार आणि टोळीयुद्ध यांसाठी. त्या बातम्या खऱ्या आहेत. त्यांच्या मागे १८२५ ची ती चौदा जहाजंही उभी आहेत, हे वाचताना लक्षात ठेवा.

दर वर्षी १ जानेवारीला हैतीत घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात, ‘सूप जूमू’. भोपळा शिजवून, घोटून, त्यात गोमांस, कोबी, गाजर, बटाटा आणि झणझणीत मिरची. गुलामांनी हे सूप मालकांसाठी रांधायचं पण चाखायचं नाही अशी रीत होती, असं तिथे सांगतात. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायचं, आणि शेजाऱ्याकडे वाडगा पाठवायचा. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात घेतलं.

आणि ती भाषा? क्रेयोल देशातले जवळजवळ सगळेच बोलतात, पण सरकारी कागद, न्यायालय आणि शाळा दीर्घकाळ फ्रेंचच्याच ताब्यात राहिल्या. १९८७ च्या संविधानाने क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं, आणि साऱ्या हैतीवासीयांना जोडणारी भाषा हीच, असं लिहून ठेवलं. तिच्यात दोन शब्द आहेत, ‘ब्लां’ आणि ‘नेग’. फ्रेंचमध्ये पहिल्याचा अर्थ गोरा, दुसरा काळ्या माणसाला दिलेली शिवी. क्रेयोलमध्ये ‘ब्लां’ म्हणजे परदेशी, मग तो अमेरिकेतून आलेला काळा पाहुणा का असेना. ‘नेग’ म्हणजे माणूस.